चेअरमनची विहीर, अक्कांचा गहू

चारीत गाळ साचतो तसे माणसात किस्से साचतात. गाळाचं एक बरं असतं. दोन-चार वर्षांनी का होईना, कोणीतरी जेसीबी घेऊन येतं आणि उपसून टाकतं. किस्से कोण उपसणार? आपले आपणच बाहेर काढायचे, नाहीतर तुंबतात!

मी पाटकरी. म्हणजे होतो, आता रिटायर. पाटकरी म्हणजे कालव्याच्या पाण्याचा राखणदार. कोणाचं दार केव्हा उघडायचं, केव्हा पाडायचं, पाळी नसताना कोण चोरून पाणी फोडतो, हे बघणारा माणूस. शाळा सातवी. त्यात सहावी दोनदा, कारण पहिल्या खेपेला ती मला फार आवडली! लोक मला भिकानाना म्हणतात. पाठीमागे काय म्हणतात ते छापण्यासारखं नाही.

धुळे-अमळनेरच्या मधल्या अंगाला आमची चारी आहे. चारी म्हणजे मोठ्या कालव्यातून फुटलेला छोटा कालवा. तिच्यावर बावीस शेतकरी, बावीस विहिरी आणि दोन गावं. तोंडाशी आमचं गाव आणि आमच्या पाणी वापर संस्थेचे चेअरमन आबा. शेपटाशी, म्हणजे टेलला, दुसरं गाव आणि तिथे कमलअक्का. पाणी आधी आबांच्या दारावरून जातं आणि उरलं तर अक्कांकडे पोचतं. तीन हिवाळे ते उरलं नव्हतं!

एवढं ध्यानात ठेवा. बाकी मी सांभाळतो.

*

वैशाली मॅडम आल्या त्या स्कूटीवर. जळगावच्या कुठल्याशा कॉलेजात शिकवतात, पाण्यावर पीएचडी चाललेली. हेल्मेट काढलं, लॅपटॉप काढला, मारुतीच्या पारावर बसल्या आणि मलाच पाणी शिकवायला लागल्या!

"नाना, कालव्याचं पाणी आणि विहिरीचं पाणी वेगळं नाही. कालव्यातून झिरपतं तेच विहिरीत येतं. आपण मात्र दोन्हींचा विचार वेगवेगळा करतो. दोन्ही एकत्र धरली तर आहे त्याच पाण्यात बावीसही जणांचं भागतं. कोणी केव्हा कुठलं पाणी घ्यायचं याच्या हजारो तऱ्हा असतात. कॉम्प्युटर त्या सगळ्या चाळतो आणि त्यातली सगळ्यात चांगली काढून देतो."

"मग काय काढली त्याने?"

"वरच्यांच्या विहिरी भरलेल्या असतात. कालवा चालू असताना त्यांनी विहिरीवर भिजवायचं. टेलला खाली खडक आहे, विहिरींना पाणीच नाही. कालव्याचं पाणी सरळ तिकडे जाऊ द्यायचं."

मी असा हसलो की पारावरची कबुतरं उडाली. "मॅडम, हे तर माझा आजा सांगायचा! पांझरा नदीच्या फडावर, म्हणजे गावाने मिळून भिजवायच्या शेतीवर, पाटकरी होता, अंगठेबहाद्दर! मरेपर्यंत हेच सांगत होता. त्याला काही लॅपटॉप लागला नाही!"

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "मग ऐकलं का कोणी त्यांचं?"

मी चहा मागवला.

मग आम्ही दोघं आबांकडे गेलो. आबा माणूस दिलदार, फक्त पाणी सोडून. म्हणाले, "करा ना मॅडम तुमचा प्रयोग. एक रब्बी दिली! शेवटचं पाणी टेलला पोचलं तर पुढच्या वर्षीही तुमचाच कागद. नाही पोचलं तर त्याच कागदावर आपण भजी खाऊ!"

*

मॅडमनी पहिल्यांदा फॉर्म वाटले. 'तुमच्या विहिरीत पाणी किती फुटांवर आहे?' एवढा एकच प्रश्न.

आता यात कॉपी करण्यासारखं काय आहे? पण प्रत्येक जण शेजाऱ्याच्या कागदात डोकावतोय! का, तर ज्याची विहीर जास्त आटलेली त्याला कालव्याचं पाणी जास्त मिळणार, असा सगळ्यांनी आपापला अंदाज बांधलेला. आबांनी लिहिलं, पाणी तीस फुटांवर. खालच्याने ते पाहिलं आणि बत्तीस केलं. त्याच्या खालच्याने चौतीस. आमचा केळीवाला रामदासभाऊ तर कमाल! त्याची विहीर मुळात पस्तीस फुटांची. पठ्ठ्याने लिहिलं, पाणी चाळीस फुटांवर! म्हणजे विहिरीच्या तळाखाली पाच फूट पाणी लोंबकळतंय!

खरं लिहिलं एकट्या कमलअक्कांनी. त्यांनी आकडा लिहिलाच नाही. लिहिलं, 'तळ दिसस.'

मॅडमनी सगळं कॉम्प्युटरमध्ये भरलं. तो जरा घुरघुरला आणि लाल अक्षरात काहीतरी म्हणाला. मॅडम नुसत्या बघत बसल्या.

"काय म्हणतोय?" मी विचारलं.

"म्हणतोय, याला उत्तरच नाही. हे आकडे खरे असतील तर इथे एकही पीक उभं राहू शकत नाही."

मी मान वर करून पाहिलं. समोर रामदासची केळी डुलतेय, तिच्या पलीकडे आबांचा ऊस माणूसभर उंच.

"मॅडम," मी म्हणालो, "त्याला सांगा, आम्ही अजून जिवंत आहोत!"

*

पण खरे आकडे काढायचे कसे? मॅडम म्हणाल्या, समजावून सांगू. मी म्हणालो, तुम्ही लहान आहात.

आमच्याकडे विहिरीला दोन तोंडं असतात. पाळीचा विषय निघाला की ती आटलेली आणि सोयरिकीचा विषय निघाला की तुडुंब! आजकाल शेती करणाऱ्या पोराला मुलगी मिळणं म्हणजे खडकात पाणी लागणं. नोकरी नाही तर निदान विहीर तरी दाखवता आली पाहिजे! तुळशीचं लग्न नुकतंच झालेलं. मी साक्रीहून माझ्या साडूला, दगडूला, बोलावून घेतलं. झुपकेदार मिश्या, पांढरी टोपी, आणि मोठा गुण म्हणजे हसू येत असलं तरी चेहऱ्यावर दिसत नाही.

गेलो आबांकडे. आबांचा सागर लग्नाचा. दगडू म्हणाला, "आमच्या भावकीत एक मुलगी आहे. पोरगं मागाहून बघू. आधी शेतीवाडी पाहून घेतो."

आबांनी चहा येण्याची वाट पाहिली नाही. धरला दगडूचा हात आणि थेट विहिरीवर!

"वाका पाहुणा, वाका! वरून हात घाला!"

"उन्हाळ्यात आटत असेल?" दगडूने मिशीला पीळ दिला.

"आटते? अहो, मे महिन्यात पोरं सूर मारतात! बारमाही शे, बारमाही!"

दगडूने पिशवीतून माझी गाठींची दोरी काढली. दर फुटाला एक गाठ, खाली दगड. "वाईट वाटून घेऊ नका आबा, आमच्याकडची रीत आहे. दोरी भिजवून घरच्या बायकांना दाखवावी लागते." नऊ गाठी कोरड्या, खाली दोरी ओली. नऊ फूट!

ही बातमी आमच्या आधी चारीने खाली पोचली. रामदासभाऊ तर रस्त्यात आडवा झाला, "नाना, माझाही भाचा लग्नाचा आहे! पाहुण्याला माझी विहीर का दाखवत नाही? माझ्यावर राग आहे का?" दोन दिवसांत वरच्या अकरा विहिरींची मोजणी झाली! दगडूने अकरा घरचे पोहे खाल्ले आणि पुढे आठ दिवस नुसत्या ताकावर काढले.

मॅडमनी नवे आकडे वाचले आणि चष्मा पुसला. "नाना, आबांच्या विहिरीत एका आठवड्यात एकवीस फूट पाणी वाढलं? कसं?"

"लग्नसराई, मॅडम!"

एकच गोष्ट. चार दिवसांनी सागर भेटला. पोरगं गुणी, बोलणं कमी. खाली बघत म्हणाला, "नाना, साक्रीवाल्यांचा काही निरोप?" मी म्हणालो, "मुलगी पुण्याला शिकायला गेली रे." तो "बरं" म्हणाला आणि गेला. त्या दिवशी तंबाखूला चव लागली नाही.

*

त्यानंतर मॅडमनी मला एक मशीन दिलं. लांब टेप, टोकाला बोटाएवढी पितळी नळी. विहिरीत सोडायची, नळी पाण्याला लागली की मशीन 'टूंऽऽ' करतं. लेकराला खुळखुळा मिळावा तसं झालं मला!

संस्थेची मीटिंग भरली. मॅडमनी खरे आकडे वाचून दाखवले. आबा ताडकन उभे राहिले. पाहुण्यांसमोर बोललेलं वेगळं आणि मीटिंगला बोलायचं वेगळं, हा त्यांचा नेमच! "साफ चुकीचं! मनी विहीरमा तीस फुटांवर पानी शे!"

'टूंऽऽऽ!'

आबा म्हणाले, "हे काय वाजलं?"

"काही नाही आबा," मी म्हणालो, "मॅडमचं मशीन आहे. खोटं धरतं म्हणतात. मला काय कळतं त्यातलं!"

आबांनी घसा साफ केला. "तीस नसेल. पंचवीस असेल."

'टूंऽऽऽ!'

"वीस!"

'टूंऽऽऽ!'

"अरे नऊ, नऊ! नऊ फूट! झालं समाधान?"

मशीन गप्प! मग काय विचारता, लोकांनी रांग लावली. रामदासभाऊ तर लांबूनच ओरडला, "माझी अकरा! अकरा लिहा, पण ते इकडे आणू नका!" मॅडमनी ओढणीचं टोक तोंडात कोंबलेलं, खांदे हलताहेत.

मीटिंग संपली, सगळे उठले. माझ्या शेजारी बसलेल्या कमलअक्का मांडीवरची धूळ झटकत उठल्या, माझ्या कपाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "नाना, नळी काढ आते. तुना चहा थंडा व्हई गया."

*

आकडे खरे मिळाल्यावर कॉम्प्युटर खूश! लगेच उत्तर दिलं. मॅडमनी मोठा कागद छापून पारावर चिकटवला. कोणी कुठल्या दिवशी विहिरीवर भिजवायचं, कोणी कालव्यावर, सगळं. फक्त त्यात कोणाचं नाव नव्हतं. कॉम्प्युटरला म्हणे नावं कळत नाहीत. आबा एक्स एक, त्यांच्या खालचा एक्स दोन, आणि असं करत टेलच्या कमलअक्का एक्स बावीस.

गावाला तेवढंच पाहिजे होतं! "ओ एक्स सात, केळीला खत टाकलं का?" रामदासची बायको बांधावरून हाका मारायची, "एक्स सात, भाकर खायला चला, भरीत गार होतंय!" आबा तर एक्स एक झाल्यापासून छाती काढून चालायला लागले.

कमलअक्का कागदासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "पानीमा शेवट. रेशनना लाइनमा शेवट. आते कागदमा बी शेवट?"

मॅडमनी कागद काढून नेला. दुसऱ्या दिवशी पारावर नवा कागद. कमलअक्का एक्स एक, आबा एक्स बावीस!

आबा भडकले. "हे काय मॅडम?"

"आबा, नंबर कुठूनही सुरू केले तरी कॉम्प्युटरला फरक पडत नाही."

"माले पडस!" अक्का म्हणाल्या.

आणि त्याच आठवड्यात अक्कांनी गहू पेरला. तीन वर्षांत पहिल्यांदा! तीन वर्षं बिचाऱ्या हरभरा टाकायच्या, दव पिऊन येईल तेवढा येऊ द्यायच्या. गव्हाला शेवटपर्यंत पाणी लागतं. एक पाळी चुकली की गेला. मी म्हणालो, "अक्का, नुसत्या कागदाच्या भरवशावर?"

"एक नंबर शे मी!" अक्का म्हणाल्या.

घ्या! मी थट्टा करत हिंडत होतो, आणि इथे एका बाईने अख्खं शेत त्या कागदावर ठेवलं होतं.

*

रामदासभाऊचा किस्सा राहिलाच. कालवा पाझरतो, पाणी वाया जातं, म्हणून हा माणूस वर्षानुवर्षं बोंबलत होता. शेवटी आदल्या उन्हाळ्यात कोणाला न विचारता त्याने स्वतःच सिमेंट आणलं आणि आपल्या शेताच्या कडेची चारी गिलावा करून अशी गुळगुळीत केली की त्यात चेहरा बघून दाढी करावी!

आणि या हिवाळ्यात बाकी सगळ्यांच्या विहिरी जागेवर, याचीच खाली खाली! आधी शेजाऱ्यावर संशय, त्याने म्हणे आडवं बोअर मारलं. भांडून झालं. मग पाणाड्या आणला. तळहातावर नारळ धरून तो शेतभर फिरला. विहिरीजवळ नारळ उभा राहिला. म्हणाला, "पाणी रुसलंय. पाच नारळ फोडा." रामदासने पाच फोडले. तीन मी खाल्ले.

मॅडम आल्या, चारी पाहिली. "हा गिलावा कोणी केला?"

"मीच!" रामदासची मान ताठ. "टिचकी मारून बघा. थेंब झिरपत नाही!"

"मग विहिरीत कुठून येणार?"

रामदासने चारीकडे पाहिलं. विहिरीकडे पाहिलं. परत चारीकडे पाहिलं. मग घरी गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठाणठाण आवाज. जाऊन बघतो तर हा पहार घेऊन स्वतःचाच गिलावा फोडतोय! मी बांधावर बसकण मारली. "रामदासभाऊ, बांधणारा तू, फोडणारा तू. मग चौकशी कोणाची लावायची?"

"नाना, दात काढू नको! पहार धर!"

पुढच्या दोन आवर्तनांत, म्हणजे कालव्याला पाणी सुटलं त्या दोन खेपांत, त्याच्या विहिरीचं पाणी दोन गाठी वर आलं. रामदासने सहावा नारळ फोडला. मॅडमच्या स्कूटीसमोर!

*

सगळंच काही गोड नव्हतं. मधल्या आवर्तनाला कॉम्प्युटर तोंडावर आपटला.

कागदावर होतं, मंगळवारी वरच्या अकराही जणांनी विहिरीवर भिजवायचं. त्या आठवड्यात शेतीला लाइट दिवसाची. सकाळी दहाला लाइट आली आणि अकरा जणांनी एका दमात अकरा मोटरी चालू केल्या. बटणावरचं बोट निघायच्या आत डीपीतून, म्हणजे आमच्या ट्रान्सफॉर्मरमधून, 'ढुप्प' आवाज आला, काळा धूर, आणि सगळं शांत! पाखरं तेवढी बोलत होती.

कॉम्प्युटरला जमीन माहीत, पाऊस माहीत, गव्हाला किती दिवसांनी तहान लागते तेही माहीत. आमचा डीपी त्याला कोणी सांगितलाच नव्हता!

आबा म्हणाले, "मॅडम, तुमचा कॉम्प्युटर बॅटरीवर चालतो, म्हणून तो लाइट इसरला वाटतं!" सगळे हसले. मीही हसलो. मॅडम नाही हसल्या. स्कूटीला किक मारून गेल्या. मला वाटलं, संपलं.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी हजर! डोळे लाल, हातात वही. "नाना, या डीपीवर एका वेळी किती मोटरी चालतात?"

"चार. पाचवी लावली की घरातला बल्ब उदबत्ती होतो."

त्यांनी लिहून घेतलं. आता त्यांच्या पीएचडीच्या गणितात एक अख्खी ओळ आमच्या डीपीची आहे. मोठमोठे शास्त्रज्ञ वाचतील आणि डोकं खाजवतील!

डीपी बदलून यायला आठ दिवस लागले. तेवढे दिवस वरच्यांनी कालव्याची दारं उघडली. बरोबरच आहे, पिकं तर जगवायची. पण आमच्याकडे एकदा उघडलेलं दार मालकाला पुन्हा कुठे पाडता येतं? हाताला लकवा भरतो ना!

*

आणि शेवटचं आवर्तन सुटलं. चारच दिवसांचं.

अक्कांचा गहू दुधात आलेला. ओंबी दाबली की बोटाला पांढरं लागायचं. या पाण्यावर दाणा भरणार, नाहीतर नुसतं फोलपट. नवा डीपी आलेला, कागदावर चार-चार मोटरींच्या पाळ्या लावलेल्या, आणि आबांचं दार सताड उघडं! आबांचं उघडं म्हणून खालच्याचं उघडं, त्याचं उघडं म्हणून रामदासचं उघडं. पहिला दिवस गेला, दुसरा गेला. टेलची चारी कोरडी ठणठणीत.

मॅडम आबांकडे जाऊन आल्या. आबा म्हणाले, "मॅडम, माझा गहू काय गवत आहे?" विहीर नऊ फुटांवर, मोटर तयार, पण कालव्याचं पाणी आपोआप येतं ना! बटण दाबायचेही कष्ट नाहीत!

मी अक्कांकडे गेलो. अक्का बांधावर बसलेल्या, हातात एक ओंबी. मी म्हणालो, "अक्का, दगडूला बोलावू का साक्रीहून? दुसरी मुलगी काढतो आबांच्या सागरसाठी!"

अक्कांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी रिटायर झालोय हे मला पहिल्यांदा खरं वाटलं.

"तुना साडू खोटा पाहुणा," अक्का म्हणाल्या. "पोरेस्नी सोयरीक म्हंजे तुले थट्टा वाटस? त्या आबाना पोऱ्या तुले निरोप विचारी विचारी थकना. लाज नही वाटत तुले?"

मी ढेकूळ उकरत बसलो.

"मी जास. खरी पाहुणी."

अक्कांची नात पूनम. अमळनेरला बी.एस्सी. झालेली, लग्नाची. टेलच्या विहिरींची मोजणी हंगामभर मॅडमना तीच करून द्यायची. ती आतून म्हणाली, "आजी, मीपण येणार. घर मला पाहायचंय ना!"

तिसऱ्या दिवशी सकाळी अक्का, पूनम आणि मी आबांच्या दारात. मुलगी स्वतः घर पाहायला आली, हे आबांनी कधी ऐकलेलं नाही. पण आलेला पाहुणा परत कोण पाठवतो? खुर्च्यांवर चादरी पडल्या, पोहे आले. सागर इस्त्रीचा शर्ट घालून दाराला टेकून उभा. पूनमने पोह्यांचे दोन घास खाल्ले आणि म्हणाली, "आबा, तुमची विहीर फार ऐकली आहे."

आबा खुलले! "चला, चला! आधी विहीर पाहा!"

विहिरीवर गेल्यावर पूनमने पिशवीतून मशीन काढलं. माझ्याकडचं मागून आणलं होतं, कशाला ते मला सांगितलं नव्हतं. नळी खाली सोडली. 'टूंऽऽऽ!'

"नऊ फूट," पूनम म्हणाली.

"बारमाही!" आबा म्हणाले. "आयुष्यात कधी कमी पडायची नाही!"

"मग ते दार का उघडं आहे, आबा?"

विहिरीपासून दहा पावलांवर चारी. आबांचं दार वरपर्यंत ओढलेलं, आणि भरल्या विहिरीला वळसा घालून कालव्याचं पाणी खळखळत आबांच्या शेतात जातंय.

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी आभाळाकडे पाहिलं. अक्का कुठेच बघत नव्हत्या, पदराला बांधलेली ओंबी सोडून बोटांनी चुरत होत्या. पांढरं दूध बोटांवर आलं. मोटरीच्या खोक्यावर एक साळुंकी बसून ओरडत होती.

आणि सागर चालायला लागला. चारीवर गेला, चाक धरलं आणि गरागरा फिरवून दार तळाला टेकवलं! तसाच परत आला, खोकं उघडलं, बटण दाबलं. मोटर 'घूंऽऽ' करत सुरू झाली आणि विहिरीचं पाणी धबाधब पाटात पडायला लागलं.

"अरे... अरे..." आबा एवढंच म्हणाले. पाहुण्यांसमोर आणखी काय म्हणणार!

पण आबा शेवटी आबा! आपलं दार बंद आणि खालच्याचं उघडं? हे कसं सहन होणार! काढला मोबाइल. "ए रामदास! चेअरमनने दार पाडलं, आणि तू कोण लागून गेलास? पाड आधी!" एकेकाला फोन! दुपारपर्यंत चारीवरचं एक दार उघडं राहिलं नाही. एकतीस वर्षं मी शिट्ट्या फुंकल्या, पण असं कधी पाहिलं नव्हतं!

पाणी निघालं. मॅडम स्कूटी घेऊन चारीच्या काठाने पाण्याच्या बरोबर, पाणी पुढे गेलं की या पुढे, पाणी थांबलं की याही थांबायच्या, मिरवणुकीसारख्या! दिवस कलायच्या आधी पाणी अक्कांच्या बांधाला लागलं. मॅडमनी चपला काढल्या आणि पाण्यात उभ्याच राहिल्या. फोटो काढायचा होता, तोही विसरल्या.

तेवढ्यात आबांचा मला फोन. आवाज एकदम गोड. "नाना, पाहुण्यांना विचार ना. पसंती काय आहे?"

मी वाफ्यात उतरलो. पूनम घोट्याएवढ्या पाण्यात उभी, हातात फावडं, दारं धरत होती, म्हणजे वाफ्यांची मातीची तोंडं उघडून-बुजवून पाणी वळवत होती. मी विचारायला तोंड उघडलं आणि बघतो तर बांधावर आबांच्या घरची मोटरसायकल! आणि पलीकडच्या वाफ्यात इस्त्रीचा शर्ट चिखलाने माखून घेत एक जण फुटलेला बांध मातीने दाबतोय, मान खाली, कान इकडे.

मी मोठ्याने विचारलं, त्यालाही ऐकू जावं म्हणून. "पूनम, आबा विचारताहेत, पसंती काय?"

पूनमने फावड्याने एक दार मोडलं, दुसरं बांधलं. पाणी नव्या वाफ्यात वळलं.

"सांगा आबांना," ती म्हणाली, "पाणी पसंत आहे. पोरगा पुढच्या पाळीला पाहू!"